बर्फाच्या गावी चार दिवस

जपान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चेरीची फुलं, किमोनोतल्या बाहुल्या आणि भन्नाट वेगाची आगगाडी येते. त्याच जपानात हिवाळ्यात पुरुषभर उंचीचा बर्फ पडतो, आणि तोही दूर कुठल्या शिखरावर नव्हे तर चांगल्या नांदत्या गावात, छपरांवर नि दुकानांच्या दारांत, हे कुणी सांगितलं तर चटकन पटत नाही. बर्फ पाहायचा तर काश्मीर, नाहीतर स्वित्झर्लंड, अशी सिनेमांनी आपली समजूत करून दिलेली! पण स्कीइंगचे जगभरचे शौकीन हल्ली हिवाळा आला की जपानची वाट धरतात. तिथल्या बर्फाला ते ‘पावडर स्नो’ म्हणतात. पिठासारखा कोरडा, भुसभुशीत बर्फ.

हा बर्फ आणि त्याच्यासोबत संसार करणारं एक गाव जानेवारी २०२५ मध्ये मला पाहायला मिळालं. गावाचं नाव नोझावा ओन्सेन. ‘ओन्सेन’ म्हणजे गरम पाण्याचे झरे. नागानो प्रांतातलं, सुमारे साडेतीन हजार वस्तीचं हे डोंगरउतारावरचं खेडं.

आमच्या वन्सं टोकियोच्या निशी-कासाई भागात राहतात. तिथे भारतीयांची मोठी वस्ती आहे, त्यात मराठी घरंही आहेत. सासूबाईंना लेकीचा संसार पाहायचा होता, पण एवढा प्रवास एकटीने झेपणार नव्हता आणि ह्यांना रजा नव्हती. मी शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते. बिनपगारी रजा मिळाली, तिकिटापुरते पैसे पगारातून बाजूला टाकलेले होते, तेव्हा सोबतीला मी आणि दुसरीतला आमचा मुलगा. “टोकियो काय, मुंबईचीच थोरली बहीण! तुम्हाला मी वेगळं जपान दाखवते,” म्हणून वन्संनीच हा बेत आखला. वन्सं, त्यांची शाळकरी मुलगी आणि आम्ही तिघं, असा बायकामुलांचा तांडा निघाला.

सह्याद्रीची आठवण

टोकियोहून शिंकान्सेनने ईयामा स्टेशन दोन तासांच्या आत येतं. निघताना टोकियोत स्वच्छ ऊन होतं. आकाश आपल्याकडच्या डिसेंबरसारखं निळंभोर. करुईझावा मागे पडलं, एकामागून एक बोगदे आले आणि शेवटच्या बोगद्यातून गाडी बाहेर पडली ती थेट दुधात! शेतं नाहीत, बांध नाहीत. नुसता पांढरा रंग, आणि त्यातून डोकं वर काढलेली घरांची छपरं. मुलगा खिडकीला नाक लावून म्हणाला, “आई, कोणीतरी सगळं खोडून टाकलंय.”

एवढ्याशा अंतरात एवढा फरक का? माझ्यातली मास्तरीण जागी झाली. आपल्याकडे पावसाळ्यात काय होतं? अरबी समुद्रावरून येणारे वारे बाष्पाने भरलेले असतात. ते सह्याद्रीला अडतात. कोकण आणि महाबळेश्वर धो धो भिजतं, आणि पलीकडचं माण-खटाव कोरडं राहतं. जपानात तोच खेळ हिवाळ्यात चालतो. सायबेरियाकडून थंडगार, कोरडे वारे निघतात. वाटेत जपानचा समुद्र लागतो. त्यातून उबदार प्रवाह वाहतो, त्यामुळे वारे पाणी पिऊन घेतात. पुढे जपानच्या मधोमधच्या डोंगरांना ते थडकतात, वर चढतात आणि पाण्याऐवजी बर्फ टाकतात. तो सगळा पश्चिमेच्या अंगाला. पलीकडे टोकियोत मात्र ऊन! टोकियो म्हणजे ह्या बाबतीत जपानचं माण-खटावच म्हणायचं.

पडतो तरी किती? नोझावाजवळून एक छोटी रेल्वे जाते. तिच्यावर मोरिमियानोहारा नावाचं स्टेशन आहे. तिथे १२ फेब्रुवारी १९४५ रोजी ७.८५ मीटर बर्फ साचल्याची नोंद आहे आणि ती उंची दाखवणारा खांब तिथे उभा केला आहे. ७.८५ मीटर म्हणजे आपल्या दुमजली घराच्या गच्चीवरून पाय टाकला की बर्फावर! यासुनारी कावाबाता ह्यांना १९६८ साली नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांची ‘युकिगुनी’, म्हणजे ‘बर्फाचा मुलूख’, ही कादंबरी ह्याच पट्ट्यातल्या युझावा ह्या गावी घडते.

न वळणारा लाडू

ईयामाहून बसने अर्ध्या तासाच्या आत गावात पोचलो. उतरल्या उतरल्या मुलाने दोन्ही मुठींत बर्फ घेऊन गोळा करायला सुरुवात केली. तो काही केल्या होईना. बोटांतून भुरभुर गळून जाई. पाकाशिवाय रव्याचे लाडू वळायला बसावं, तसं. पावडर स्नोची खूण ती हीच. हवा फार थंड असली की बर्फाच्या कणांना वितळून एकमेकांना चिकटायला ओल मिळत नाही. नक्षीदार कण एकावर एक नुसते टेकून राहतात आणि मध्ये सगळी हवा. आम्ही खोलीत एक बादली काठोकाठ भरून आणली. ती वितळल्यावर तळाशी जेमतेम दोन-तीन पेले पाणी निघालं. सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे नुसता फुगवटाच की गं!”

ह्याच फुगवट्यासाठी लोक जगाच्या टोकांवरून येतात. ऑस्ट्रेलियन पर्यटक तर पावलोपावली भेटत होते. जपानात आधुनिक स्कीइंग आणलं ते थिओडोर फॉन लेर्ख ह्या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याने, १९११ साली, इथून फार दूर नसलेल्या ताकादा गावी. नोझावाच्या गावकऱ्यांनी १९२३ साली आपला स्की क्लब काढला. १९३० साली हानेस श्नायडर हे नामांकित ऑस्ट्रियन शिक्षक इथे येऊन गेले. १९५० साली गावाला पहिली लिफ्ट मिळाली, आणि १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमधली बायथलॉन, म्हणजे स्कीइंग आणि नेमबाजी मिळून होणारी स्पर्धा, इथेच झाली. गावात जपानच्या स्कीइंगचं संग्रहालयही आहे. एखादी बाहेरची कंपनी येऊन हॉटेलं बांधून गेली आणि गाव त्यांची धुणीभांडी करत बसलं, असं इथे झालेलं नाही. शेती करणाऱ्या लोकांनी हिवाळ्याच्या बेकारीवर काढलेला हा उपाय आहे.

गावातून उताराच्या पायथ्याशी जायला छप्पर असलेला सरकता रस्ता आहे. तिथे नवशिक्यांचे वर्ग चालतात. दोन्ही मुलांना आणि मला वन्संनी तिथे सोडलं. बूट असे जड, की पायांना पाटे-वरवंटे बांधल्यासारखं वाटतं. पहिला धडा थांबायचा. दोन्ही फळ्यांची पुढची टोकं जवळ आणायची, मागची फाकवायची, समोशाचा आकार करायचा, की वेग मोडतो. मुलं तासाभरात समोसे करत सुळकन खाली जायला लागली. मी पडत होते. पण पिठासारख्या बर्फात पडणं म्हणजे पिंजलेल्या कापसात पडणं. लागत मुळीच नाही. अवघड आहे ते उठणं. काठी टेकावी तर कोपरापर्यंत आत जाते! लग्नानंतर इतक्या मोठ्याने आणि इतका वेळ मी हसले नसेन.

सासूबाईंना गुडघ्यांमुळे स्की करणं शक्य नव्हतं, पण गोंडोल्याने, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या बंद पाळण्याने, त्या वर आल्या. लेकीची पँट, लेकीचंच जॅकेट आणि कानटोपी अशा वेषात मी त्यांना प्रथमच पाहत होते. वर डोंगरमाथ्याला केनाशी म्हणतात, उंची १,६५० मीटर. बीचच्या झाडांची प्रत्येक काडी बर्फाने लिंपलेली. वारा थांबला की इतकी शांतता, की स्वतःचा श्वास ऐकू यावा. सासूबाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हे तुझ्या सासऱ्यांनी पाहायला हवं होतं.” ते जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्याबद्दल त्या आपणहून क्वचितच बोलतात.

आमचा खेळ, त्यांचं घरकाम

आम्ही एका घरगुती मुक्कामात उतरलो होतो. त्याला ‘मिन्शुकु’ म्हणतात. खाली घरमालकांचा संसार, वर पाहुण्यांच्या चार-सहा खोल्या. घरच्या बाई सत्तरीच्या. यजमानीणबाईंना तिथे ‘ओकामी-सान’ म्हणतात. बाई ठेंगण्या, कमरेत थोड्या वाकलेल्या, आणि पहाटे पाचला अंगणात!

पहिल्या पहाटे खरखर अशा आवाजाने मला जाग आली. खिडकीतून पाहिलं तर रात्रीत गुडघाभर नवा बर्फ, आणि ओकामी-सान एक मोठं सुपासारखं अवजार दोन्ही हातांनी ढकलत तो बाजूला सारताहेत. त्या अवजाराचं नाव ऐकून मी थक्क झाले. ‘मामा-सान डंप’! म्हणजे ‘आईबाईंचा डंपर’. फावड्याने उचलून टाकायला ताकद लागते, पण ह्याच्यात बर्फ भरून नुसतं ढकलत न्यायचं. घरातल्या आईलाही जमतं म्हणून हे नाव पडलं. नवरे नोकरीसाठी शहरात आणि बर्फ मागे बायकांच्या वाट्याला, हे दृश्य त्या मुलखात जुनंच.

रस्त्याच्या कडेला झाकणं असलेली गटारं आहेत. त्यांतून पाणी वाहतं. झाकण उचलायचं, बर्फ ढकलायचा, पाणी तो घेऊन जातं. बर्फाचं हे काम एकदा करून संपणारं नाही. रात्री पुन्हा पडला की सकाळी पुन्हा खरखर. छपरावर साचला तर वजनाने घर खचेल, म्हणून वर चढून उतरवावा लागतो. ह्या कामात दर हिवाळ्यात जपानात माणसं पडून दगावतात, आणि त्यांत म्हातारी माणसं पुष्कळ असतात.

मी दुसऱ्या पहाटे त्यांच्या मदतीला गेले. दहा मिनिटांत पाठीने राम म्हटलं. ओकामी-सान हसल्या आणि काहीतरी बोलल्या. वन्संनी अर्थ सांगितला, “पाहुण्यांना बर्फ पडला की आनंद. मला पडला की काम, नाही पडला की काळजी. पाहुणे येणार नाहीत ना!” पावसाकडे डोळे लावून बसणारा आपला शेतकरी आणि चिखल तुडवणारी त्याची बायको मला आठवली.

तेरा न्हाणीघरं

नोझावाला रस्त्याने चालताना मधूनच वाफेचे लोट लागतात आणि गंधकाचा वास येतो. गावात तेरा सार्वजनिक न्हाणीघरं आहेत. लाकडी, जुन्या देवळासारखी दिसणारी. सगळ्यांत देखणं ‘ओयु’ गावाच्या मध्यावर आहे. बायकांची आणि पुरुषांची बाजू वेगळी. दाराशी दानपेटी होती, आपल्या मनाला येईल ते टाकायचं. आत ना तिकीट विकणारा, ना राखणदार.

मग ही न्हाणीघरं इतकी लख्ख ठेवतं कोण? ह्याचं उत्तर मला त्या सगळ्या सहलीत महत्त्वाचं वाटलं. प्रत्येक न्हाणीघराभोवतीच्या घरांचा एक गट असतो. त्याला ‘यु-नाकामा’ म्हणतात. ‘गरम पाण्याचे सोबती’ म्हणा ना! जुन्या काळापासून ही रीत चालत आली आहे. न्हाणीघर घासणं, दिव्याचा नि नळाच्या पाण्याचा खर्च, डागडुजी, सगळं त्या घरांनी वाटून घ्यायचं. आज ह्या घराची पाळी, उद्या शेजारच्या घराची. झरे आणि जंगल सांभाळायला ‘नोझावा-गुमी’ म्हणून गावाची जुनी संघटना आहे, आपल्या गावकीसारखी.

सासूबाईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “आमच्या माहेरी, वाईजवळ, उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायला सगळी आळी उतरायची. नळ आले आणि ते संपलं.” मग त्यांनीच ओकामी-सानना विचारायला लावलं, “तरुण मुलं बाहेर गेली, घरं कमी झाली, तर मग?” ओकामी-सानचा मुलगा नागानो शहरात असतो. त्या क्षणभर गप्प राहिल्या. म्हणाल्या, “मग आमची पाळी लवकर लवकर येते.” 

आता प्रत्यक्ष स्नानाचं. आत कपडे घालून जायचं नसतं. पोहण्याचा पोशाखसुद्धा चालत नाही. आधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचं, केस वर बांधायचे आणि मग हौदात उतरायचं. हे सगळं अनोळखी बायकांमध्ये! वन्सं सरावलेल्या, त्या लेकीला घेऊन गेल्यासुद्धा. मी कपडे ठेवायच्या फडताळापाशी पंचा धरून उभी. बाळंतपणात सुटलेलं पोट, त्यावर शस्त्रक्रियेचा व्रण. आजवर आरशातही मी तो नीटसा पाहिलेला नाही. आपल्या अंगाकडे आपण पाहतो तरी कधी? आंघोळ म्हणजे दोन तांबे अंगावर ओतून पोळ्यांना लागायचं.

आणि ज्यांची आंघोळ घर उठण्याआधी, अंधारात उरकलेली असते, त्या आमच्या सासूबाई पुढे सरसावल्या! मला म्हणाल्या, “अगं, बाळंत होताना लाजलीस का? चल. गुडघ्यांना बरं वाटेल म्हणते ती.”

पाणी भलतंच कढत होतं. पाय घातला नि काढला. कोपऱ्यातल्या एका आजींनी माझ्याकडे पाहिलं, हात लांबवून गार पाण्याचा नळ सोडला आणि मान डोलावून ‘आता ये’ अशी खूण केली. उतरले. खांद्यापर्यंत ऊब चढली. भोवती पंचविशीपासून ऐंशीपर्यंतच्या बायका. कुणाचं पोट सुटलेलं, कुणाची पाठ वाकलेली, कुणाच्या अंगावर माझ्यापेक्षा मोठा व्रण. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं आणि कुणी लपवतही नव्हतं. ‘आई, माझा डबा’, ‘अगं, पाणी गेलं’ अशी हाकही नव्हती. (चिरंजीव आत्याच्या लेकीबरोबर बाहेर मांजूवर ताव मारत होते.) दहा मिनिटं मी काही न करता नुसती बसले. इतका वेळ काहीच न करता मी ह्याआधी कधी बसले होते, ते मला आठवेना.

हिरवं लोणचं आणि देवळातली गोष्ट

गावाच्या वरच्या अंगाला ‘ओगामा’ नावाचं कुंड आहे. पाणी ९० अंशांच्या आसपास, सारखं उकळतं. हे गावाचं सामायिक स्वयंपाकघर. गावच्या बायका टोपल्यांतून भाज्या आणि अंडी आणून त्यात उकडून नेतात. पाय घसरला तर जिवावरचं, म्हणून पर्यटकांना आत सोडत नाहीत. आम्ही कठड्याबाहेरूनच पाहिलं.

‘नोझावाना’ ही इथली खास पालेभाजी. आपल्या मुळ्याच्या पाल्याच्या जातीची, पण हातभर लांब. गोष्ट अशी सांगतात, की १७५६ साली इथल्या केन्मेइजी मठाच्या स्वामींनी क्योटोकडून सलगमाचं बी आणलं. ते इथल्या थंडीत रुजलं, पण कंद पोसलाच नाही. पानंच उंच वाढली. शास्त्रज्ञ काही हे वंशवृक्ष मान्य करत नाहीत, पण गावाला गोष्ट प्रिय आहे. बायकांनी त्या पानांचं लोणचं घातलं. बर्फ पडायच्या आधी, नोव्हेंबरात, जुड्याच्या जुड्या न्हाणीघरांच्या गरम पाण्यात धुतात. थंडीत हात गारठत नाहीत आणि पानंही स्वच्छ निघतात. मग मीठ घालून पिंपात दाबतात, वर दगड ठेवतात. सुरुवातीला हिरवंगार, कुरकुरीत. हिवाळा सरेल तसं पिवळसर नि आंबट. चार महिने बर्फाखाली गेलेल्या शेतात भाजी कुठून येणार? तेव्हा हीच भाजी. आपल्या आगोटीच्या बेगमीसारखी त्यांची ही बर्फाची बेगमी!

फार आंबलेलं लोणचं परतून त्याचं सारण ‘ओयाकी’त भरतात. ओयाकी म्हणजे पिठाच्या पारीत भाजी भरून वाफवलेले किंवा भाजलेले गोळे. वाफवलेले पाहून सासूबाईंना नागपंचमीच्या दिंडांची आठवण झाली. भोपळ्याच्या सारणाचे तर अगदी आपल्या घारग्यांच्या वळणावर जाणारे. रस्त्यावर वाफाळती मांजू मिळतात, त्यांत गोड पुरण असतं लाल चवळीसारख्या ‘आझुकी’चं. पुरणाची चव परक्या देशात अशी भेटली, की गाव आपलं वाटायला लागतं.

आगीचा उत्सव

आम्ही मुद्दाम १५ जानेवारी साधली होती. त्या रात्री नोझावात दोसोजिन देवाचा अग्निउत्सव असतो. दोसोजिन म्हणजे वेशीवरचा देव; रोगराई गावाबाहेर ठेवणारा आणि लग्न, मूलबाळ ह्यांना आशीर्वाद देणारा. इथे त्याची लाकडी जोडी करतात, नवरा नि बायको.

जपानात काही वयं घातकी मानतात. पुरुषांचं २५ आणि ४२. गावातले ४२ च्या आसपासचे पुरुष मिळून बीचच्या लाकडांचा घराहून उंच मनोरा रचतात. त्यासाठीचे मोठे वृक्ष १३ तारखेला बर्फावरून ओढत, गाणी म्हणत गावातून आणतात. कोकणातल्या शिमग्याला होळीचं झाड वाजतगाजत आणतात, त्याचीच आठवण व्हावी! १५ च्या रात्री बेचाळिशीचे मनोऱ्यावर चढून बसतात, पंचविशीचे पायथ्याशी कडं करतात, आणि बाकीचं गाव पेटत्या जुड्या घेऊन मनोरा पेटवायला धावून येतं. तास-दीड तास खरीखुरी झटापट चालते. पंचविशीची पोरं पाइनच्या फांद्यांनी आग झोडपतात, तोंडं काळी होतात. शेवटी समेट होतो, माणसं खाली उतरतात आणि मनोरा पेटवून देतात. पहिला मुलगा झालेल्या घरांनी उभारलेले उंच, सजवलेले आकाशकंदीलही त्याच आगीत जातात. वर बर्फ पडतोय, खाली ज्वाळा. १९९३ साली सरकारने ह्या उत्सवाला राष्ट्रीय महत्त्वाच्या लोकपरंपरेचा दर्जा दिला.

“पहिला मुलगाच का?” हा प्रश्न मनात आलाच. वन्संच्या लेकीने तो मोठ्याने विचारला. ओकामी-सान म्हणाल्या, “पूर्वीपासून असंच आहे.” हे उत्तर आपल्याही ओळखीचं आहे.

बायकांचं घातकी वय कोणतं, म्हणून मी चौकशी केली. सगळ्यांत वाईट ३३! आणि त्यांच्या जुन्या मोजणीप्रमाणे, म्हणजे जन्मताच एक धरून, मला ते नुकतंच लागलं होतं. ह्या वयाला बायकांच्या अंगावर संसार, मुलं, म्हातारी माणसं सगळं एकदम येतं, असं ओकामी-सानचं म्हणणं. “मग आमच्यासाठी मनोरा नाही?” मी थट्टेने विचारलं. त्या म्हणाल्या, “तुला आंघोळ आहे ना. रोज जा.”

जाणाऱ्या भगिनींसाठी

बर्फ डिसेंबरअखेरपासून मार्चपर्यंत असतो. पिठासारखा हवा असेल तर जानेवारी-फेब्रुवारी. मुक्काम पुष्कळ आधी ठरवावा, विशेषतः उत्सवाच्या दिवसांत. स्की, बूट आणि वरचे कपडे तिथे भाड्याने मिळतात. विकत घेण्याचा खर्च करू नये. आतून लोकरीचे पातळ थर, दोन जोड्या मोजे आणि खडबडीत तळाचे बूट मात्र न्यावेत. साडीचा हट्ट बर्फात नको. पहिल्या दिवशी शिक्षकाचा वर्ग घ्यावाच. दोऱ्यांनी आखलेल्या हद्दीबाहेर मुलांना मुळीच जाऊ देऊ नये. झाडांच्या बुंध्यांभोवतीचा भुसभुशीत बर्फ माणसाला गिळतो.

शाकाहारी मंडळींनी जपून असावं. सोबाच्या, म्हणजे कुट्टूच्या, शेवया उत्तम मिळतात, पण बुडवायच्या रश्शात बहुधा माशाचा अर्क असतो. लोणच्यातही विचारून घ्यावं. आम्ही मेतकूट, भाजणी आणि लसणीची चटणी नेली होती. ओकामी-साननी साधा भात दिला, त्यावर आमचं मेतकूट. त्यांनाही ते फार आवडलं. येताना आम्ही अर्धी पिशवी त्यांच्याकडे ठेवली आणि त्यांनी सासूबाईंना ‘हातोगुरुमा’ दिली. आकेबीच्या वेलीचं विणलेलं, चाकांवर चालणारं कबुतर. ते आता आमच्या शोकेसमध्ये आहे.

न्हाणीघरात पंचा पाण्यात बुडवू नये, साबण हौदाजवळ नेऊ नये, गार पाण्याचा नळ सोडायचा तर आधी आतल्या बायकांकडे पाहून परवानगी घ्यावी. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी फार वेळ बसू नये. आणि दाराशी दानपेटी असली तर ती चुकवू नये. आत जे स्वच्छ दिसतं, ते त्या सकाळी कुणीतरी गुडघ्यांवर बसून घासलेलं असतं.

जाता जाता घरची एक बातमी. परतल्यावर पहिल्याच रविवारी सासूबाईंनी ह्यांच्या हातात न्हाणीघर घासायचा ब्रश दिला. “नोझावात पाळी असते,” एवढंच म्हणाल्या. पुढच्या रविवारी चिरंजीवांचा नंबर लागला, त्याच्या पुढच्या रविवारी माझा. कॅलेंडरवर तशी नावंच लिहून ठेवली आहेत.